सत्ताविसाव्या विद्यार्थिनीची नोंद

एक

चाळीस नोंदींपैकी एकच नाहीशी झाली होती, आणि ती नेमकी त्या मुलीची होती जिच्या भवितव्याचा निकाल त्याच दिवशी दुपारी चार वाजता लागायचा होता.

ही बातमी संचालिकाबाईंनी परीक्षकांना ज्या स्वरात सांगितली, त्या स्वरात माणसे पाहुण्याला साखर संपल्याचे सांगतात. परीक्षक निवृत्त होते. तीस वर्षे उत्तरपत्रिकांतली कॉपी पकडण्यात घालवलेला हा गृहस्थ शिक्षण मंडळाने चौकशीसाठी नेमला होता, कारण मंडळाला एक कागद हवा होता आणि त्या कागदाखाली निःस्पृह माणसाची सही हवी होती. परीक्षकांना हे ठाऊक होते. तरीही ते आले होते, कारण तक्रारीचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला होता आणि दुसऱ्या वाचनानंतर त्यांना जेवण गेले नव्हते.

प्रकरण थोडक्यात असे. घरबसल्या शिकणाऱ्या मुलांसाठी या संस्थेने फोनवर चालणारे एक साधन तयार केले होते. त्याचे नाव 'सोबती'. सोबती धडे दाखवी, प्रश्न विचारी, आणि मूल स्वतः शिकते आहे की कुणाकडून उत्तरे घेते आहे, हे 'लक्षांक' नावाच्या एका आकड्याने ठरवी. या आकड्याचे माप सुरुवातीच्या चाचणीतल्या चाळीस मुलांच्या नोंदींवरून बसवले होते. आकडा चाळिसाच्या खाली उतरला की मुलाचे नाव वर्गातून आपोआप कमी होई आणि दोन वर्षे दार बंद. पंधरा वर्षांच्या एका मुलीचा आकडा एकतीस आला होता. तीन वर्षे शाळेबाहेर राहून ती या वर्गात आली होती, आणि वर्गाची वयोमर्यादा सोळा होती. तिच्या बाबतीत दोन वर्षे म्हणजे कायमचे.

तिला सांभाळणाऱ्या मावशीने अर्जात लिहिले होते : 'सोबती तयार होत होता तेव्हा चाचणीसाठी घेतलेल्या चाळीस मुलांत माझी भाची होती. तेव्हाही ती असाच अभ्यास करायची. तेव्हा तुम्ही शाबासकी दिलीत. तेव्हाची नोंद काढून बघा.'

"मागणी रास्त आहे," परीक्षक म्हणाले. "नोंद काढा."

"तीच तर नाहीये ना," संचालिका म्हणाल्या. "सत्तावीस नंबर. सोमवारी सकाळी अकरा दहाला पुसली गेली. राखीव प्रतसुद्धा. बैठकीच्या खोलीतल्या संगणकावरून."

"तो कोण वापरतं?"

"आम्ही चौघं. पासवर्ड पडद्यालाच चिकटवलाय."

"आणि अर्ज कधी आला?"

"सोमवारीच. साडेदहाला." संचालिका जराशा थांबल्या. "सगळ्यांनी वाचला. आम्ही इथे काही लपवत नाही."

दोन

"चाचणीची नोंद गेली, तर चालू वर्गातली दाखवा," परीक्षक म्हणाले. "मुलगी कुठे थांबली, कुठे मागे गेली, कुठे चुकली, सारं येईल की त्यात."

"ते आम्ही ठेवतच नाही," संचालिका अभिमानाने म्हणाल्या. "चालू वर्गात मुलाचं प्रत्येक पाऊल त्याच क्षणी पुसलं जातं. उरतो फक्त आकडा. खासगीपणाचा प्रश्न आहे. पावलं साठवली होती ती चाचणीत, तेवढीच."

मुलाचा खासगीपणा इतका जपायचा की त्याच्यावरच्या आरोपाचा पुरावाही त्याला मिळू नये, ही व्यवस्था परीक्षकांनी मनातल्या मनात एकदा उलटसुलट करून पाहिली. कुठल्याही बाजूने तिला वास येत होता.

पहिली गाठ डिझायनरशी पडली. हा तरुण सोबतीचा आराखडा करणारा. त्याच्या खोलीची एक भिंत कार्डांनी भरली होती. चाळीस कार्डे, प्रत्येकावर एका मुलाचे चित्र, वय, घरची परिस्थिती, आवडनिवड. चित्रातली सगळी मुले एकाच दंतवैद्याकडून आल्यासारखी हसत होती.

"हे आमचे नमुना-विद्यार्थी," तो म्हणाला. "आम्ही विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवतो, काका. प्रत्येक बटण ठरवताना आधी स्वतःला विचारतो, या मुलाला काय वाटेल?"

"त्या मुलालाच विचारत नाही?"

"अहो, मुलांना स्वतःला काय हवंय ते कळत नसतं. ते ओळखणं हेच तर आमचं काम."

"सोमवारी अकरा दहाला कुठे होतास?"

"इथेच. एकटा होतो, म्हणजे साक्षीदार नाही. पण मी कशाला पुसू? माझा सोबती बक्षिसाच्या यादीत आहे."

सर्वेक्षिका दुसऱ्या खोलीत होत्या. चाचणीसाठी मुले शोधून आणण्याचे काम त्यांचे. त्यांनी परीक्षकांना पाहताच डोळे पुसले, आणि डोळे आधी ओले होते की पुसल्यावर झाले, हे परीक्षकांना ठरवता आले नाही.

"त्या मुलीचं फार वाईट वाटतं हो," त्या म्हणाल्या. "मी गेलेय तिच्या घरी. मावशी कपड्यांना इस्त्री करते. पोरगी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर फोन टेकवून बसते, आणि टेबल गरम असतं म्हणून मांडीवर वही दुमडून ठेवते. सकाळी सहा ते सात. सातला मावशी फोन घेऊन इस्त्रीच्या दुकानात जाते."

"छान आठवतंय तुम्हाला. आता दुसऱ्या एखाद्या घराचं सांगा."

"दुसऱ्या म्हणजे?"

"चाळीस घरं हिंडलात ना? कुठलंही सांगा. बारा नंबर."

सर्वेक्षिकांची नजर दाराबाहेर, त्या कार्डांच्या भिंतीकडे गेली आणि परत आली. "बारा नंबर... मुलगा आहे, तेरा वर्षांचा. चित्रकलेची आवड. घर आपलं... असतात तशीच असतात हो सगळी घरं."

परीक्षकांनी वही मिटली. तीस वर्षांत त्यांनी हा स्वर पुष्कळदा ऐकला होता. उत्तर पाठ आहे पण प्रश्न कळलेला नाही, अशा विद्यार्थ्याचा तो स्वर असतो.

तीन

गणिताचे सर त्यांना पाहताच खुर्चीतून उठले. दोघांनी नऊ वर्षे एकाच टेबलाशी बसून पेपर तपासले होते. सोबतीतले गणिताचे सगळे धडे सरांनी लिहिले होते, आणि या इमारतीत निदान एक तरी खरा शिक्षक आहे, या विचाराने परीक्षकांना सकाळपासून प्रथमच बरे वाटले.

"अरे, तू इकडे कुठे वाट चुकलास?" सर हसले. "बस. या पोराटोरांच्या नादी लागलोय म्हातारपणी."

"वाट चुकलो नाही, धाडलंय मला. त्या मुलीचं प्रकरण."

"हं." सरांनी चष्मा पुसला. "तुला म्हणून सांगतो, फार खोलात जाऊ नकोस. ती मुलगी स्वतः सोडवत नसणार. अपूर्णांकांच्या धड्यात तिसरं उदाहरण आहे ना, तिथून चार चारदा मागे जाते, मग पाच मिनिटं नुसती गप्प, आणि मग एकदम बरोबर उत्तर. ते कसं येतं आपोआप? शेजारी कुणीतरी सांगणारं असल्याशिवाय?"

"असेल," परीक्षक म्हणाले. "चाचणीच्या नोंदी तू पाहिल्यास?"

"छे. मी धडे लिहिले नि हात झटकले. आकडेमोड त्यांची."

"सोमवारी सकाळी?"

"ग्रंथालयात होतो. एकटाच. तिथे आता कोण येतं?"

परीक्षक बैठकीच्या खोलीत जाऊन बसले आणि त्यांनी उरलेल्या एकोणचाळीस नोंदी मागवल्या. संचालिका चकित झाल्या.

"त्या तर सुखरूप आहेत. हरवलीय ती सत्ताविसावी."

"चोराने जे नेलं ते मला पाहता येत नाही. जे ठेवलं ते पाहतो."

दीड तासात ते पडद्यासमोरून एकदाच उठले आणि दाराबाहेर डोकावून आले. दीड तासाने त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बोलवा सगळ्यांना," ते म्हणाले. "चाळीसपैकी एक नोंद का गेली, ते समजलं. खरी तेवढी एकच होती."

चार

चौघे टेबलाभोवती बसले. परीक्षक उभे राहिले, वर्गात राहत तसे.

"एकोणचाळीस मुलं," त्यांनी सुरुवात केली. "वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या वयांची. सहा आठवडे अभ्यास करतात. सकाळी दहाच्या आधी एकही नाही, संध्याकाळी सहानंतर एकही नाही, रविवारी एकही नाही. आणि रोज एक ते पावणेदोन सगळी एकदम गप्प. मघाशी पावणेदोनला मी बाहेर डोकावलो, तर तुमच्या जेवणाची सुट्टी संपत होती."

डिझायनरने घड्याळाकडे पाहिले.

"हा योगायोग म्हणून सोडून देऊ. पण पुढचं सोडता येत नाही. अपूर्णांकांच्या भागाकाराचा प्रश्न अठरा मुलांनी चुकवलाय. चुकीचे पर्याय तीन. पहिल्यावर सहा, दुसऱ्यावर सहा, तिसऱ्यावर सहा. मी तीस वर्षं चुका वाचल्यात. खरा वर्ग असा चुकत नाही. खरा वर्ग एकाच खड्ड्यात पडतो, कारण खड्डा शिकवण्यात असतो. चुका अशा न्यायाने वाटून कोण घेतं? ज्याला उत्तर येतं आणि चुकायचं ठरवून बसलाय, तो."

डिझायनरच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, नाराजी होती. परीक्षकांना किळस आली ती त्या क्षणी.

"काका, तुम्ही त्याला उगाच फसवणूक म्हणताय," तो म्हणाला. "ती पद्धत आहे. तारीख अलीकडे आली, मुलं मिळेनात. सर्वेक्षिकाबाईंना एकच मिळाली. मग आम्ही कार्डं वाटून घेतली आणि त्या त्या मुलाच्या भूमिकेत शिरून सोबती वापरला. मनापासून केलं हो. माझ्या वाट्याला एक अंध आजोबांचा नातू होता, मी दोन दिवस अस्वस्थ होतो."

"किती मुलांची नावं आजवर या आकड्यावरून कमी झाली?" परीक्षकांनी संचालिकांना विचारले.

"एकाहत्तर."

"म्हणजे तुम्ही, पदवीधर माणसं, पंख्याखाली बसून, उत्तरं माहीत असताना, जितक्या झरझर बोट फिरवलंत, तितक्या झरझर जे फिरवत नाही ते मूल लबाड. हे माप. आणि याच मापात न बसणारी एकुलती एक खरी मुलगी चाळिसात होती, तिला तुमच्या एकोणचाळीस खोट्या मुलांनी मिळून अपवाद ठरवलं."

"पण नोंद कुणी पुसली?" सर्वेक्षिका पटकन म्हणाल्या. "मी नाही. मीच तर आणलं होतं तिला."

"फसवणूक झाकायचं कारण चौघांनाही होतं," परीक्षक म्हणाले. "म्हणून कारणावरून माणूस सापडत नाही. माणूस सापडतो तो त्याला काय माहीत आहे त्यावरून. मुलगी कुठल्या उदाहरणावरून मागे जाते, किती वेळा जाते, किती मिनिटं थांबते, हे कुठे लिहिलेलं असतं? चालू वर्गात नाही, तिथे पावलं पुसली जातात. ते फक्त सत्ताविसाव्या नोंदीत होतं. आणि ज्याने मला ते आज सकाळी सांगितलं, तोच म्हणाला की चाचणीच्या नोंदी त्याने कधी पाहिल्या नाहीत."

त्यांनी सरांकडे पाहिले नाही. पाहायची इच्छाच होईना.

पाच

बाकीचे तिघे बाहेर गेल्यावर सरांनी खुर्ची मागे सरकवली.

"अर्ज वाचल्यावर सहज उघडली," ते म्हणाले. "म्हटलं, बघू तरी."

"आणि?"

"तू तिसरं उदाहरण पाहिलंस?"

"पाहिलं. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"तीन चतुर्थांश भागिले दोन तृतीयांश. आणि त्याच्या खाली एकदम उत्तर, नऊ अष्टमांश." सरांचा आवाज खाली गेला. "मधली ओळ राहिली. भाजक उलटा करून गुणायचं, ती ओळ. लिहिताना हाताने गाळली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही."

"कसं येईल? चाचणी देणाऱ्या सगळ्यांना ती ओळ येतच होती."

"फक्त ती मुलगी अडली. रोज मागे जायची, पुन्हा पुन्हा तेच उदाहरण. चुकीचं उत्तर एक द्वितीयांश, सरळ गुणून आलेलं. मग आठ दिवसांनी बरोबर यायला लागलं. कसं, देव जाणे."

"मग मला असं का सांगितलंस की शेजारी कुणी सांगणारं आहे?"

सर म्हणाले, "चाळीस वर्षं भागाकार शिकवतोय रे. माझ्या धड्यात चूक आहे, हे एका पोरीच्या थांबण्यावरून चारचौघांत निघावं... एक नोंद गेली तर काय बिघडतं, असं वाटलं. एकच तर होती."

पैशासाठी, भीतीपोटी, पोटच्या पोरासाठी माणसे खोटे करतात, हे परीक्षकांनी पाहिले होते आणि त्यातल्या काहींना त्यांनी मनातून क्षमाही केली होती. एका गाळलेल्या ओळीची लाज झाकण्यासाठी मुलीचे शिक्षण पुसून टाकणाऱ्या या स्वच्छ, सज्जन, इस्त्रीच्या सदऱ्यातल्या मित्राकडे पाहताना त्यांना आपण नऊ वर्षे त्याच्या डब्यातले खाल्ले याची शिसारी आली.

दारात संचालिका उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले असावे.

"मी काय म्हणते," त्या अदबीने म्हणाल्या, "तुम्ही 'तांत्रिक बिघाड' एवढंच लिहा. मुलीचं नाव आजच परत घेते. तिचं भलं होईल, कुणाचं नुकसान नाही. नाहीतर नियम सरळ आहे. नोंद नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे आकडा कायम."

"आणि बाकीची सत्तर?"

"त्यांनी कुठे अर्ज केलाय?"

घड्याळात चारला दहा मिनिटे होती. परीक्षक काही क्षण पुसलेल्या नोंदीचाच विचार करत राहिले, आणि मग त्यांना स्वतःचीही लाज वाटली. सकाळपासून ते, संचालिका, मंडळ, सारे एका मुलीने काय केले याचा कागद शोधत होते. मुलगी हयात होती. तिच्या मावशीकडे फोन होता.

"नोंद गेली," ते म्हणाले, "मुलगी कुठे गेलीय? तिला लावा."

"नियमात मुलाला बोलवण्याची तरतूद नाही."

"न बोलवण्याचीही नाही. लावा."

सहा

चार वाजता चौघे पुन्हा टेबलाशी होते. भिंतीवरच्या पडद्यावर इस्त्रीचे दुकान दिसले. दोरीवर सदरे, मागे वाफ, आणि पुढे वही घेऊन बसलेली एक बारीकशी मुलगी. तिच्या खांद्यामागून मावशीचा चेहरा डोकावत होता.

"बोल गं, घाबरू नकोस," मावशी म्हणाली. "साहेब, लवकर आटपा हं, माझा फोन आहे, गिऱ्हाईक अडलंय."

"तिसरं उदाहरण उघड," परीक्षक म्हणाले. "तू तिथे का थांबतेस?"

मुलीने वही कॅमेऱ्यासमोर धरली. त्या एकाच उदाहरणाने चार पाने भरली होती. गुणून, वजा करून, चित्रे काढून, उलटेसुलटे करून पाहिलेले.

"नऊ अष्टमांश कसे येतात ते कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी सगळं करून बघते. एकदा खालचा उलटा केला तर आलं. पण तसं का करायचं ते लिहिलेलंच नाही, म्हणून दर वेळी वाटतं की आपलं चुकून आलं. मग परत पहिल्यापासून बघते."

"कुणी सांगितलं नाही तुला?"

"कोण सांगणार? मावशीला अपूर्णांक येत नाहीत."

"खोटं कशाला बोलू, नाही येत," मावशी मागून म्हणाली.

परीक्षक वळले. "सर, तुमची विद्यार्थिनी अडली आहे. शिकवा."

सर उठले. पडद्यासमोर येईपर्यंत ते दोनदा थांबले. मग त्यांनी खडबडीत आवाजात सांगितले, की भागणे म्हणजे किती वेळा मावते ते विचारणे. एकात दोन तृतीयांश दीड वेळा मावतात, म्हणजे तीन द्वितीयांश वेळा. म्हणून भाजक उलटा करायचा आणि गुणायचे. मुलगी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने चौथे उदाहरण स्वतःच सोडवले आणि वही पुन्हा वर धरली. उत्तर बरोबर होते. साऱ्याला दोन मिनिटे लागली होती.

"एवढंच होतं?" तिने विचारले.

"एवढंच," सर म्हणाले.

"मग मी दुसऱ्याकडून उत्तरं घेते असं का लिहिलंत?"

सर्वेक्षिका रुमाल शोधू लागल्या. डिझायनर आपल्या फोनकडे पाहत होता.

परीक्षकांनी समोरचा कोरा अहवाल ओढला आणि उभ्यानेच चार ओळी लिहिल्या. मग त्या मुलीला वाचून दाखवल्या, कारण निकाल तिचा होता : चाचणी बनावट असल्यामुळे लक्षांकाला कोणताही आधार नाही, तो आजपासून बंद, त्यावरून कमी केलेली एकाहत्तरही नावे परत, नोंद पुसणाऱ्याचे आणि चाचणी रचणाऱ्यांचे नाव सोबत जोडले आहे.

"म्हणजे मी आहे ना वर्गात?" मुलीने विचारले.

"आहेस."

"पुढचा धडा उघडू?"

"उघड. आणि अडलीस की थांब. हवा तितका वेळ थांब. कुणी काही म्हणणार नाही."

मावशीने फोनकडे हात नेला आणि पडदा काळा झाला. परीक्षकांनी अहवालावर सही केली, टोपण लावले, आणि टेबलाभोवतीच्या चौघांकडे वळून म्हणाले, "दार लावून घ्या. आता पहिल्या धड्यापासून एकेक ओळ माझ्यासमोर वाचायची आहे."

सरांनी उठून दार लावले.